पोलादी घड्याळाचें मोल

सोन्यापेक्षां पोलाद महाग असतें, असें कोणीं म्हटलें तर आपण त्या गृहस्थाच्या व्यवहारज्ञानाविषयीं शंका घेऊं. सोनें गुंजेनें तोलावें आणि पोलाद खंडीनें, ही जगाची रूढ रीत आहे. तथापि या रीतीच्या अगदीं उलट असा एक व्यवहार १२ नोव्हेंबर २०१६ रोजीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरांत घडून आला. 'पाटेक फिलिप' या विख्यात कारखान्यानें १९४३ सालीं तयार केलेलें एक पोलादी मनगटी घड्याळ तेथें लिलावांत मांडलें गेलें, आणि एका संग्राहकानें तें १ कोटी १० लक्ष स्विस फ्रँक मोजून विकत घेतलें. त्या वेळच्या दरानें ही रक्कम सुमारें पाऊणशें कोटी रुपये होते. पुढें नऊ वर्षांनीं, नोव्हेंबर २०२५ मध्यें, तेंच घड्याळ त्याच शहरांत पुन्हां लिलावास आलें. या खेपेस शुल्कासह त्याची किंमत १ कोटी ४१ लक्ष ९० हजार फ्रँक, म्हणजे दीडशें कोटी रुपयांहूनहि अधिक झाली.

श्रोतेहो, या घड्याळांत हिरे नाहींत, माणकें जडविलेलीं नाहींत, आणि वेळ दाखविण्याच्या कामीं तें आजच्या दोनशें रुपयांच्या घड्याळापेक्षां अधिक अचूक आहे असेंहि नाहीं. मग ही किंमत कशाची? श्रीमंतांचा छंद म्हणून हा प्रश्न सोडून देणें सोपें आहे. परंतु मला वाटतें, या प्रश्नाचें उत्तर नीट शोधूं लागलें असतां तें जिनीव्हाहून निघून मुंबईमार्गें थेट आपल्या यवतमाळच्या घरांतील जुन्या ट्रंकेपर्यंत येऊन पोंचतें. तो प्रवास आज आपण करूं.

प्रथम त्या घड्याळाचीच हकीकत पाहूं. १९४१ सालीं या कारखान्यानें १५१८ क्रमांकाचा एक नमुना विक्रीस काढला. वेळ दाखविणें, एखाद्या घटनेचा कालावधि सेकंदांपर्यंत मोजणें, आणि महिन्याचे दिवस तीस कीं एकतीस, वर्ष लीप आहे कीं नाहीं, हें सारें आपलें आपण ओळखून तारीख बदलणें, अशीं तिन्ही कामें एकाच मनगटी घड्याळांत करणारा आणि क्रमवार तयार होणारा हा पहिलाच नमुना होय. चौदा वर्षांच्या अवधींत अशीं अवघीं २८१ घड्याळें निघालीं. एवढें गुंतागुंतीचें यंत्र घेणारा मनुष्य धनिकच असावयाचा, आणि धनिकाला डबी हवी सोन्याची. त्यामुळें जवळजवळ सर्व घड्याळें सोन्याच्या डब्यांत बसविलीं गेलीं. पोलादी डबीचीं आजपर्यंत केवळ चार उजेडांत आलीं आहेत. सोनें ज्याच्या त्याच्याजवळ होतें, पोलाद कोणीं मागितलें नाहीं. आणि जें कोणीं मागितलें नाहीं तेंच आज दुर्मिळ ठरलें. काळाचा हा विनोद मोठा मार्मिक आहे.

पोलाद कोणी मागत नसे याला आणखी एक कारण होतें. साधें पोलाद गंजतें, आणि मनगटावरील घामाशीं तर त्याचें हाडवैर. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यानें लोखंडांत सुमारें तेरा टक्के क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद तयार केलें. त्याच सुमारास जर्मनींतहि तसेच प्रयोग सफल झाले होते. आपल्या स्वयंपाकघरांतील ज्या भांड्यांना आपण 'स्टील' म्हणतों, त्यांचें हें मूळ. परंतु ही धातु फार चिवट. सोनें कारागिराच्या अवजाराला चटकन् वश होतें, पोलाद त्याच अवजाराची धार घालवितें. म्हणून घड्याळाच्या डबीसाठीं या पोलादाचा प्रसार व्हावयास आणखी पंधरावीस वर्षें लागलीं.

दुर्मिळता हें किंमतीचें एक कारण झालें; पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. २६ ऑक्टोबर २०१७ रोजीं न्यूयॉर्कमध्यें 'रोलेक्स' कारखान्याचें एक पोलादी घड्याळ १ कोटी ७७ लक्ष डॉलरांना गेलें. त्या जातीचीं घड्याळें पुष्कळ निघालीं होतीं आणि नवें असतांना त्याची दुकानांतील किंमत कांहीं शें डॉलरांपलीकडे नव्हती. मग विशेष काय? तें घड्याळ पॉल न्यूमन या चित्रपटनटाच्या हातावर अनेक वर्षें होतें. या नटाला मोटारींच्या शर्यतींचा नाद. त्याच्या पत्नीनें तें घड्याळ त्यास दिलें, तेव्हां त्याच्या पाठीवर 'जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरवून घेतले होते. लिलावांत बोली लागली ती त्या शब्दांवर, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आपल्याकडील उदाहरण याहूनहि बोलकें आहे. आमच्या यवतमाळला लागूनच वर्धा जिल्हा. तेथील सेवाग्रामीं १९३६ पासून महात्मा गांधी राहूं लागले. कमरेला लोंबणारें त्यांचें घड्याळ आपण छायाचित्रांतून पाहिलेलें आहे. त्यांच्या वापरांतील 'झेनिथ' कारखान्याचें रुप्याचें खिशांतील घड्याळ, चष्मा, चपला आणि जेवणाचीं ताटवाटी या वस्तु ५ मार्च २००९ रोजीं न्यूयॉर्कच्या लिलावांत निघाल्या. देशांत मोठी खळबळ उडाली, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलें, आणि अखेरीस विजय मल्ल्या या उद्योगपतीनें १८ लक्ष डॉलर देऊन त्या घेतल्या. ज्या पुरुषानें अपरिग्रहाचें व्रत घेतलें त्याच्या ताटवाटीची बोली लागावी, हें अनेकांना रुचलें नाहीं, आणि तें साहजिकच होतें. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या वस्तूंमधील रुपें वेगळें काढून तोललें असतें तर कांहीं थोडे रुपये आले असते. बाकीची सर्व किंमत, ती वस्तु कोणाच्या हातीं होती आणि तिनें काय पाहिलें, या माहितीची होती.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. आपल्याकडे घड्याळ येण्यापूर्वीं काळ मोजीत नसत असें मुळींच नाहीं. पाण्यावर तरंगणारें, बुडाशीं बारीक छिद्र असलेलें घटिकापात्र बुडालें कीं एक घटका, म्हणजे २४ मिनिटें झालीं; अशा साठ घटकांचा अहोरात्र. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं उपाध्याय घंगाळांत घटिकापात्र सोडून बसत, हें वृद्ध मंडळींकडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. 'घड्याळ' हा शब्दच मुळीं घटिकेच्या कुळांतला आहे. परंतु ती घटका गांवोगांव निराळी असे, कारण सूर्य प्रत्येक गांवीं निराळ्या क्षणीं माथ्यावर येतो. एका मिनिटाची चूक झाली म्हणून कोणाचें कांहीं अडत नसे.

अडूं लागलें तें आगगाडी आल्यावर. यवतमाळ हें कापसाचें ठाणें. १९०५ पर्यंत हा मुलूख वणी जिल्हा या नांवानें ओळखला जाई. येथील कापूस बाहेर नेण्यासाठीं मूर्तिजापूरपासून कारंजा, दारव्हा यांवरून यवतमाळपर्यंत सुमारें ११३ किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग बांधण्यांत आला. पुढें लोकांनीं तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणावयास प्रारंभ केला तीच ही गाडी. कण्वाश्रमांतील शकुंतलेप्रमाणें ही गाडीहि कोणाची वाट पाहात रेंगाळत असे खरी, तथापि तिच्या वेळापत्रकामुळेंच दहा वाजून वीस मिनिटें आणि दहा वाजून पंचवीस मिनिटें यांत भेद असतो, हें आमच्या शेतकऱ्याला प्रथम कळलें.

त्यांतहि वेळ कोणती मानावी हा वाद होताच. आगगाडी मद्रासच्या वेळेनें चाले, मुंबई आपल्या वेळेनें. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठीं ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें अशी एकच वेळ ठरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां ३९ मिनिटांनीं पुढें होती. सरकारनें आपले सूर्योदयहि बदलले, या भावनेनें मुंबईकरांनीं कडाडून विरोध केला, आणि शहरांतील कांहीं व्यवहारांत 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकून राहिला. घड्याळ ही त्या काळीं निवळ सोयीची वस्तु नव्हती. आपण कोणाच्या वेळेनें चालावें, हाहि प्रश्न तिच्याशीं निगडित होता.

या वाढत्या गरजेचा लाभ स्विस व्यापाऱ्यांनीं फार लवकर ओळखला. 'फाव्र-ल्युबा' ही जुनी पेढी १८६५ च्या सुमारासच मुंबईंत येऊन दाखल झाली. तिच्यानंतर १८८६ सालीं 'वेस्ट एंड वॉच कंपनी' निघाली. तिचीं घड्याळें तयार होत स्वित्झर्लंडांतील सेंट-इमिए या गांवीं, पण तीं बनत मुख्यतः हिंदुस्थानासाठीं. कंपनीच्या नांवाखालीं तबकडीवर 'बाँबे, कलकत्ता' अशीं अक्षरें असत. स्विस डोंगरांत बसलेल्या कारागिरानें, जें शहर त्यानें कधीं पाहिलें नाहीं त्याचें नांव बारीक कुंचल्यानें किंवा ठशानें उमटवावें, आणि तें घड्याळ बोटीनें मुंबईस, तेथून आगगाडीनें वऱ्हाडांत यावें, असा तो प्रवास. या कंपनीचें लोकप्रिय मनगटी घड्याळ म्हणजे 'सोवार प्राइमा'. सोवार म्हणजे सवार, घोडेस्वार. गिऱ्हाईक कोण, तें नांवच सांगतें.

कारण मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातीं आलें तेंच मुळीं पलटणीमार्फत. पहिल्या महायुद्धापूर्वीं मनगटावर घड्याळ बांधणें हा बायकी अलंकार समजला जाई. पुरुषाचें घड्याळ खिशांत, साखळीला. परंतु खंदकांत उभ्या असलेल्या शिपायाला एका हातानें बंदूक सांभाळतांना दुसऱ्या हातानें खिसा चाचपण्याची सवड कोठून असणार? १९१४ ते १९१८ या काळांत घड्याळ खिशांतून मनगटावर आलें तें पुन्हां परत गेलें नाहीं. आपल्या मराठा पलटणी त्या युद्धांत मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत लढत होत्या. तेथून परतलेल्या शिपायांबरोबर मनगटी घड्याळेंहि खेड्यापाड्यांत आलीं.

पोलादी घड्याळाच्या एका प्रसिद्ध जातीचा तर जन्मच हिंदुस्थानच्या मैदानावर झाला असें सांगतात. येथें पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा खेळतांना फुटत. त्यांनीं ती अडचण १९३० च्या सुमारास सेझार द ट्रे या स्विस व्यापाऱ्याजवळ काढली. त्यांतून, डबी उलटी करून कांच आंत आणि पोलादी पाठ बाहेर करतां येईल असें 'रिव्हर्सो' नांवाचें घड्याळ निघालें. त्याचें पेटंट ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिस येथें मागण्यांत आलें. पुढें त्या कोऱ्या पाठीवर लोक आपलीं नांवें, मुद्रा, तारखा कोरून घेऊं लागले. आघात सोसण्यासाठीं केलेली पाठ स्मृति जतन करण्याच्या उपयोगीं पडली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, ब्रिटिश सरकारनें बारा निरनिराळ्या स्विस कारखान्यांकडून सैनिकांसाठीं एकाच मोजमापाचीं, काळ्या तबकडीचीं, पाण्याला दाद न देणारीं घड्याळें बनवून घेतलीं. शोभेचा त्यांत लवलेशहि नव्हता. आज जगांतील संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात आणि बाराच्या बारा जमविण्यासाठीं आयुष्य वेंचतात. साध्या शिपायासाठीं केलेलें घड्याळ कांचेच्या कपाटांत जाऊन बसलें.

अशा घड्याळाच्या पोटांत काय चालतें तेंहि थोडक्यांत सांगतों. चावी दिली कीं आंतील स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती हळूहळू उलगडतांना चक्रांना गति देते. शेवटीं एक बारीक चाक, ज्याला घड्याळजी 'बॅलन्स' म्हणतात, तें मागेंपुढें हेलकावे घेतें आणि त्या शक्तीला मोजून मोजून सोडतें. जुन्या घड्याळांत बहुधा एका सेकंदास पांच, म्हणजे तासास १८,००० ठोके पडतात. दिवसाचे झाले ४,३२,०००. आपल्या पुराणांनीं कलियुगाचीं वर्षें नेमकीं एवढींच सांगितलीं आहेत! हा योगायोगच होय, परंतु वर्गांत ही गोष्ट सांगितली कीं मुलें आपल्या बापाचें घड्याळ कानाशीं लावून ऐकूं लागत, हा माझा अनुभव आहे.

स्वातंत्र्यानंतर हें घड्याळ स्वदेशी झालें. १९५३ सालीं स्थापन झालेल्या 'हिंदुस्तान मशीन टूल्स' या सरकारी कारखान्यानें १९६१ मध्यें जपानच्या 'सिटिझन' कंपनीच्या सहकार्यानें बंगलोर येथें घड्याळें काढावयास प्रारंभ केला. एच. एम. टी. चें 'जनता' हें नांव घरोघर झालें. आमच्या लहानपणीं जावयाला सासऱ्याकडून घड्याळ, सायकल आणि ट्रान्झिस्टर मिळाला कीं लग्न भरून पावलें असें समजत. पैकीं सायकल मोडे, ट्रान्झिस्टर बंद पडे, घड्याळ मात्र हातावर राही. मॅट्रिकला पास झालेल्या मुलाला, पेन्शनीवर जाणाऱ्या मास्तराला, दोघांनाहि भेट तीच. परंतु २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या 'सायको' कंपनीनें बॅटरीवर चालणारें पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढलें होतें, आणि त्याची लाट आपल्याकडेहि येऊन थडकली. चावी देण्याचा त्रास कोण घेणार? जुनीं घड्याळें हातावरून उतरून कपाटांत, कपाटांतून ट्रंकेंत गेलीं. जानेवारी २०१६ मध्यें केंद्र सरकारनें एच. एम. टी. चा घड्याळ विभाग बंद करण्यास मान्यता दिली. आणि बंद पडल्याबरोबर तींच घड्याळें संग्राहक शोधूं लागले.

येथें आपण त्या ट्रंकेपाशीं आलों. माझ्या शिक्षकी पेशाच्या काळांत इतिहासाच्या तासाला मी मुलांना एक काम सांगत असें: घरांतील सर्वांत जुनी वस्तु आणावी आणि तिची हकीकत वर्गांत सांगावी. कोणी अडकित्ता आणी, कोणी मोडी लिपींतला कागद, कोणी आजीची फणी. दारव्ह्याकडील एका मुलानें एक पोलादी मनगटी घड्याळ आणलें. कांच तडकलेली, तबकडी चहासारखी तांबूस झालेली, एक कांटा गळून पडलेला. पाठीवर मात्र एक क्रमांक आणि त्याखालीं नांवाचीं आद्याक्षरें हातानें कोरलेलीं होतीं. मुलानें सांगितलें तें असें कीं, घड्याळ पणजोबांचें. ते दुसऱ्या महायुद्धांत पलटणींत होते. परत आले ते एका पायानें अधू होऊन. घरांत त्यांचें छायाचित्र नव्हतें, पत्र नव्हतें, पदक होतें तें एका दुष्काळी वर्षीं विकलें गेलें होतें. जगांत त्या मनुष्याचा पुरावा म्हणून उरलें होतें तें एवढेंच. तो क्रमांक उतरवून घेऊन कोणाला तरी विचारावा असें मीं त्याच्या वडिलांना सांगून पाठविलें.

पुढें कांहीं वर्षांनीं मी त्या गांवीं गेलों असतां वडिलांनीं मोठ्या आनंदानें घड्याळ दाखविलें. मुलीच्या लग्नांत जावयाला देण्यासाठीं त्यांनीं तें शहरांतून दुरुस्त करून आणलें होतें. तबकडी पांढरीशुभ्र, तिच्यावर ताजीं काळीं अक्षरें, कांटे नवे, डबी आरशासारखी लखलखीत. मीं तें उलटें केलें. पाठ गुळगुळीत होती. पॉलिशच्या चाकाखालीं क्रमांक आणि अक्षरें दोन्ही गेलीं होतीं. त्या गृहस्थांचा आनंद खरा होता आणि हेतु निर्मळ होता; मी कांहीं बोललों नाहीं. घड्याळ चालत होतें, पण पणजोबा त्यांतून नाहींसे झाले होते.

या एका घरची गोष्ट मीं एवढ्यासाठींच सांगितली कीं ती हजारों घरांची आहे. जुन्या तबकडीवर नवा रंग चढविणें हा आपल्याकडील घड्याळजींचा जुना आणि मूळचा प्रामाणिक धंदा. आपल्या पावसाळ्याची दमट हवा तबकडीला डाग पाडते. गिऱ्हाईकाला स्वच्छ तबकडी हवी असते. घड्याळजी ती रंगवून देतो. भाग मिळत नाहींत म्हणून एकाचें यंत्र दुसऱ्याच्या डबींत बसवून घड्याळ चालतें करणें, हें तर कौशल्यच होय. त्या कौशल्यावर गरीब मनुष्याचें घड्याळ तीनतीन पिढ्या चाललें. परंतु असेंच रंगविलेलें, चारपांच घड्याळांचे अवयव जोडून केलेलें घड्याळ जेव्हां 'जुनें, अस्सल' म्हणून संग्राहकाला विकलें जातें, तेव्हां दुरुस्तीचें बनावटींत रूपांतर होतें. असे प्रकार इतके वाढले कीं परदेशांतील संग्राहकांनीं अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असें उपहासाचें नांव ठेविलें आहे. ज्या मुंबईचें नांव स्विस कारागीर अभिमानानें तबकडीवर घालीत, तें नांव आज त्याच घड्याळांच्या बाजारांत संशयाचें चिन्ह व्हावें, ही खेदाची गोष्ट आहे.

संग्राहक रंगविलेल्या लखलखीत तबकडीपेक्षां डागाळलेली मूळची तबकडी पसंत करतो, याचें आपल्याला नवल वाटतें. पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला तें वाटूं नये. मोडी दप्तरांतील एखादें पत्र फाटकें, वाळवीनें खाल्लेलें असलें तरी तें अस्सल म्हणून मोलाचें. त्याचीच कोणीं सुवाच्य अक्षरांत, मधलीं वाक्यें पदरचीं घालून केलेली नक्कल कवडीमोल. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरें धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करूं लागले, त्याचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि पुढें एकंदर बावीस खंड झाले. त्यांच्या आधीं असले किती कागद रद्दींत गेले असतील त्याची गणतीच नाहीं. ज्यांच्या घरीं ते होते त्यांना तीं जुनीं रद्दी चिठोरीं वाटत. आज आपल्या ट्रंकेंतील घड्याळाची गति तीच आहे. घड्याळाची तबकडी, डबी आणि आंतील यंत्र हे तीन साक्षीदार होत. तिघांची साक्ष जुळली तर वस्तु बोलते. एकाला रंगवलें, दुसऱ्याला घासलें, तिसऱ्याला बदललें, तर मग तिला विचारावयाचें काय?

म्हणून श्रोत्यांना माझी कांहीं साधीं सांगणीं आहेत. आपल्या घरीं वडिलांचें, आजोबांचें पोलादी घड्याळ असेल तर त्याला कोट्यवधि रुपये येतील, असें स्वप्न पाहूं नये. असलीं घड्याळें लाखोंनीं निघालीं. बाजारांत त्यांची किंमत बेताचीच. पण त्याच्या पाठीवर कांहीं कोरलें असेल तर तें पॉलिश करूं देऊं नये. तें चालू करावयाचें असल्यास घड्याळजीला यंत्र साफ करून तेल देण्यास अवश्य सांगावें, पण तबकडी रंगवूं नये आणि मूळचे कांटे काढले तर ते परत मागून घ्यावे. अंधारांत चमकणाऱ्या जुन्या आंकड्यांत पुष्कळदां रेडियम असतें. चमक गेली तरी रेडियमचें तेज निम्म्यावर यावयास सुमारें सोळाशें वर्षें लागतात. म्हणून असली तबकडी घरीं उघडून खरवडण्याच्या भरीस तर मुळींच पडूं नये. आणि कोणी दलाल दारांत येऊन चार नोटा पुढें करील, तर घाई करूं नये. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु खासगी रीतीनें देशाबाहेर नेतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांतील घड्याळांनीं ती शंभरी केव्हांच ओलांडली आहे.

सर्वांत महत्त्वाचें सांगणें असें कीं, एक कागद घ्यावा. घड्याळ कोणाचें, त्यांनीं तें कोठें आणि कोणत्या सालीं घेतलें किंवा कोणीं दिलें, ते काय काम करीत, घड्याळाच्या पाठीवर कोणता क्रमांक आहे, त्यांच्यानंतर तें कोणाकडे आलें, हें आठदहा ओळींत लिहावें, खालीं तारीख घालावी, आणि तो कागद घड्याळाबरोबर त्याच डब्यांत ठेवावा. जिनीव्हाच्या लिलावांत ज्या पुराव्यासाठीं विद्वान् मंडळी कारखान्यांच्या वह्या चाळतात, त्याच जातीचा हा पुरावा आहे. फरक इतकाच कीं आपल्याकडे ती वही अजून जिवंत माणसाच्या स्मरणांत आहे. घरांतील आजीला वेस्ट एंडचें नांव सांगतां येणार नाहीं, पण तें घड्याळ कोणत्या सुगीच्या पैशांत आलें, कापसाला त्या वर्षीं भाव कसा होता, आणि तें हातावर बांधून ते पहिल्यांदा कोठें गेले, हें तिला ठाऊक असतें. हें तिला विचारण्यासाठीं फार दिवस उरलेले नाहींत. पुढच्या रविवारीं दुपारीं जेवणें झालीं कीं ट्रंक उघडावी, घड्याळ तिच्या हातांत द्यावें, आणि आपण कागद घेऊन शेजारीं बसावें.